चर्नीचे कुरण आणि बुडालेले 'ब्रन्सविक'

#धागा

फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, झावबावाडी, मुगभाट. गिरगावातील ही नावे आज चाळींची आणि गल्ल्यांची वाटतात. मुळात ती बागांची आणि शेतांची नावे आहेत. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईचा किल्ला मागे टाकून उत्तरेस आले की वाड्या लागत. त्यापलीकडे ठाकुरद्वारच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, गवताळ जमीन होती.

किल्ल्याबाहेरच्या मैदानावर गुरे चारण्यासाठी इंग्रज सरकार शुल्क घेऊ लागले, तेव्हा गरीब गुराख्यांची पंचाईत झाली. त्यावर उपाय म्हणून १८३८ साली सर जमशेटजी जीजीभाई यांनी २० हजार रुपये खर्चून ठाकुरद्वारजवळची कुरणे विकत घेतली आणि गुरांना ती विनामूल्य मोकळी केली, असे सांगितले जाते. चरण्याची जागा म्हणून 'चर्नी', हीच आजच्या चर्नी रोडची सर्वांत प्रचलित व्युत्पत्ती. (ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांमुळे हे नाव पडले, असेही एक मत आहे. नावांच्या बाबतीत मुंबई एका उत्तरावर कधीच समाधानी नसते.)

२० हजार रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. ती चीनच्या व्यापारातून आली होती, आणि त्या व्यापाराचा एक धागा मागे ओढत नेला तर तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, सायमन्स बे नावाच्या उपसागरात, वाळूत रुतलेल्या एका जहाजापाशी जातो. त्या जहाजाचे नाव 'ब्रन्सविक'. पुढील हकीकत त्याची.

'ब्रन्सविक' १७९२ साली पाण्यात उतरले. त्याची बांधणी लंडनजवळ, थेम्सकाठच्या ब्लॅकवॉल येथील पेरी यांच्या गोदीत झाली. भार सुमारे १२०० टन. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजांना 'ईस्ट इंडियामन' म्हणत आणि त्यांतही १२०० टनी जहाजे ही मोठ्या जातीची, मुख्यत्वे चीनच्या चहासाठी बांधलेली असत.

येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कंपनीची म्हणून ओळखली जाणारी ही जहाजे बहुतेक कंपनीच्या मालकीची नसत. लंडनमधील भांडवलदार एकत्र येऊन जहाज बांधीत आणि कंपनी ते सफरीमागून सफर भाड्याने घेई. ओकच्या लाकडाचे असे जहाज साधारण पाच-सहा सफरी करी, मग त्याची सद्दी संपली असे मानले जाई. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली जहाजे याहून कितीतरी अधिक टिकत. १८१७ साली मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर उभी आहे. 'ब्रन्सविक'च्या नशिबी तेवढे आयुष्य नव्हते. त्याने पाच सफरी पूर्ण केल्या. सहावी अपुरी राहिली.

या पाच सफरी ज्या काळात झाल्या तो काळ जवळजवळ अखंड युद्धाचा होता. १७९३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले. १८०२ चा आमियांचा तह जेमतेम वर्षभर टिकला आणि १८०३ मध्ये तोफा पुन्हा सुरू झाल्या. अशा काळात व्यापारी जहाजही तोफा बाळगून असे. ईस्ट इंडियामनांची उंची आणि तोफांच्या खिडक्यांची रांग पाहून दुरून ती युद्धनौकाच वाटावीत. पुढे या फसव्या रूपाने एक मोठी गंमत घडवून आणली.

पण त्याआधी जहाजात काय भरले जाई ते पाहिले पाहिजे. सगळ्या कथेचे मूळ तेथे आहे.

१७८४ साली ब्रिटिश संसदेने चहावरील जकात ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणली. चहा स्वस्त झाला, मागणी वाढली आणि चहा मिळण्याचे ठिकाण एकच होते: चीनमधील कँटन बंदर. चिनी व्यापाऱ्यांना ब्रिटिश लोकरीचे फारसे अप्रूप नव्हते, त्यांना चांदी हवी असे. चांदी वाचवायची तर चीनला विकता येईल असा दुसरा माल हवा. तो माल मुंबईत होता. गुजरातेतून गलबतांनी येणारा कापूस किल्ल्यातील सेंट थॉमस चर्चसमोरच्या मोकळ्या पटांगणात गासड्यांच्या राशींनी साठवला जाई. तेच पटांगण म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल. कापसाची ही गर्दी १८४४ साली कुलाब्याला हलवली जाईपर्यंत तेथेच होती. कापसाच्या जोडीला मलबारकडचे चंदन असे.

अफूचे काय? चीनने अफूवर बंदी घातली होती आणि बंदी मोडली तर चहाचा व्यापार धोक्यात येईल, म्हणून कंपनी आपल्या भाड्याच्या इंडियामनांतून अफू नेऊ देत नसे. बंगालमध्ये अफू पिकवून लिलावात विकायची कंपनीने, आणि चीनच्या किनाऱ्यावर चोरून उतरवायची खासगी व्यापाऱ्यांनी, अशी ही विभागणी होती. कंपनीचे हात कागदोपत्री स्वच्छ राहत. 'ब्रन्सविक' हे त्या अर्थाने कापसाच्या युगातले जहाज होते. अफूचे युग त्याच्या मागोमाग येत होते.

जहाजावर आणखी एक व्यापार चाले. कप्तानापासून शल्यवैद्यापर्यंत प्रत्येक अधिकाऱ्याला स्वतःच्या मालासाठी जहाजात थोडी जागा मिळे. पगार बेताचा, पण या जागेत भरलेल्या मालावर नफा भरपूर.

१८०२ साली 'ब्रन्सविक'वर वैद्याचा मदतनीस म्हणून अठरा वर्षांचा एक स्कॉटिश तरुण चढला. नाव विल्यम जार्डिन. जन्म १७८४, डमफ्रीशायरमधील एका शेतकरी घरातला. नऊ वर्षांचा असताना वडील वारले, थोरल्या भावाच्या पैशावर एडिंबरोमध्ये वैद्यकीचे शिक्षण झाले. जार्डिनने रोगी किती बरे केले याची कथा कोणी सांगत नाही. जहाजावरच्या ज्या सहकाऱ्यांना आपल्या वाट्याची जागा वापरायची नसे, त्यांची जागा तो भाड्याने घेई, ही गोष्ट मात्र त्याच्या प्रत्येक चरित्रकाराने नोंदली आहे.

याच सुमारास मुंबईत एक दुसरा तरुण कँटनच्या वाऱ्या करीत होता. जमशेटजी जीजीभाई यांचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घराणे नवसारीकडचे, परिस्थिती गरिबीची. सोळा वर्षांचे होण्याच्या सुमारास आईवडील दोघेही गेले आणि ते मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्याकडे आले. रिकाम्या बाटल्यांचा हा धंदा. जमशेटजींनाही सुरुवातीला बाटलीवाला म्हणूनच ओळखत. मामांचीच मुलगी आवाबाई पुढे त्यांची पत्नी झाली. पहिली चीनची सफर त्यांनी याच कोवळ्या वयात केली. इंग्रजी शाळेचे शिक्षण नाही. भाषा आणि हिशेब दोन्ही बंदरावर आणि जहाजावर शिकलेले.

दोघेही अनाथपणाच्या उंबरठ्यावर वाढलेले, दोघांचे वय जवळपास सारखे, आणि दोघेही दुसऱ्याच्या जहाजातील थोड्याशा जागेवर नशीब काढू पाहणारे. एकमेकांना ओळखण्याचे कारण मात्र अजून घडले नव्हते.

ते कारण घडवून आणणाऱ्या तिसऱ्या माणसाचे नाव शार्ल लिन्वा. फ्रेंच नौदलाचा रिअर अॅडमिरल. मॉरिशस, तेव्हाचे 'इल द फ्रान्स', हा त्याचा तळ. ७४ तोफांची 'मारेंगो' ही त्याची मुख्य नौका आणि कंपनीची व्यापारी जहाजे पकडणे हे त्याचे काम.

१८०४ च्या फेब्रुवारीत लिन्वाला आयुष्यातली सर्वांत मोठी संधी चालून आली. मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळ, पुलो ऑरा बेटापाशी, कँटनहून निघालेला कंपनीचा संपूर्ण चहाताफा त्याच्या समोर आला. १६ इंडियामन, शिवाय इतर जहाजे, आणि संरक्षणाला एकही खरी युद्धनौका नाही. ताफ्याचा प्रमुख नॅथॅनिएल डान्स याने काही जहाजांवर नौदलाची निशाणे चढवली आणि पळण्याऐवजी फ्रेंचांच्या दिशेने शिडे फिरवली. त्या भव्य इंडियामनांना लिन्वा युद्धनौका समजला. थोडी गोळाफेक झाली आणि फ्रेंच आरमार मागे फिरले. वर व्यापारी जहाजांनी दोन तास त्याचा पाठलाग केला! डान्सला 'सर' किताब मिळाला. नेपोलियन संतापला. आणि त्या ताफ्यातील एका जहाजावर जमशेटजी होते, असे त्यांच्या चरित्रात नोंदले गेले आहे.

एवढी फजिती झालेला माणूस पुढच्या खेपेला काय करेल? जवळ जाऊन नीट पाहील.

१८०५ च्या मे महिन्यात लिन्वा मॉरिशसहून पुन्हा निघाला. 'मारेंगो'सोबत 'बेल पूल' ही ४० तोफांची वेगवान नौका होती. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी थोडी टेहळणी करून दोघी सिंहलद्वीपाच्या दक्षिणेस आल्या. मुंबईहून चीनकडे जाणारे जहाज येथूनच वळसा घेणार, हे शेंबड्या पोरालाही कळावे असे सागरी भूगोलाचे सत्य होते.

'ब्रन्सविक' तेव्हा मुंबईत माल भरून निघाले होते. कप्तान जेम्स लुडोविक ग्रँट. पोटात कापूस आणि चंदन. जार्डिन आता जहाजाचा मुख्य शल्यवैद्य झालेला, आणि व्यापारी म्हणून चौथ्यांदा चीनला निघालेले जमशेटजी. सोबतीला 'सारा' नावाचे एक देशी व्यापारातले जहाज. 'देशी व्यापार' म्हणजे हिंदुस्थान आणि चीन यांच्या दरम्यान चालणारा खासगी व्यापार. युद्धनौकेचे संरक्षण नव्हते.

युद्धकाळात व्यापारी जहाजांचे आणखी एक दुखणे असे. बंदरात शिरताच नौदलाचे अधिकारी येऊन धडधाकट गोरे खलाशी सक्तीने उचलून नेत. मग सारंगांमार्फत लष्कर भरती करावी लागे. 'लष्कर' हा त्या काळचा हिंदी खलाशांसाठीचा शब्द. मुंबईच्या जहाजांवर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी पुष्कळ असत. शिडे हाकण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते, पण तोफा चालवण्याची तालीम त्यांना कोणी दिलेली नसे, आणि कंपनीच्या लढाईत मरण्याचे त्यांना काही कारणही नव्हते.

११ जुलै १८०५. ऐन नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे दिवस. सिंहलद्वीपाच्या किनाऱ्याजवळ 'मारेंगो' आणि 'बेल पूल' यांनी दोन्ही जहाजांना गाठले. 'सारा'च्या कप्तानाने जहाज शत्रूच्या हाती देण्यापेक्षा किनाऱ्यावर चढवले. जहाज गेले, माणसे सुटली. 'ब्रन्सविक'ला तो मार्ग उरला नाही. ७४ तोफांच्या युद्धनौकेपुढे व्यापारी जहाजाचा प्रतिकार किती वेळ टिकणार? थोड्याच वेळात निशाण खाली आले. जमशेटजींना बावीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते. जार्डिन एकवीस वर्षांचा होता.

लिन्वाने 'ब्रन्सविक'वर आपले खलाशी चढवले आणि केप ऑफ गुड होपची वाट धरली. केप तेव्हा बटाव्हियन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे डचांच्या हाती होते आणि डच फ्रान्सच्या पंखाखाली होते. जुन्या इंग्रजी चरित्रांतून केपला 'तटस्थ' म्हटलेले आढळते ते बरोबर नाही. पकडलेले शत्रूचे जहाज विकायला आणि कैदी उतरवायला फ्रेंचांना हक्काचे बंदर म्हणूनच ते हवे होते.

वाटेत ६ ऑगस्टला लिन्वाची एका ब्रिटिश ताफ्याशी गाठ पडली. ताफ्यातील इंडियामनांसोबत या वेळी अॅडमिरल ट्रूब्रिजची 'ब्लेनहाइम' ही खरीखुरी युद्धनौका होती. धुक्यात आणि खवळलेल्या समुद्रात थोडी चकमक झाली. हिवाळी दक्षिण समुद्रात डोलकाठी मोडली तर दुरुस्तीला जागा नाही, हे ओळखून लिन्वा बाजूला झाला. पकडलेल्या लोकांच्या दृष्टीने पाहिले तर सुटकेची ही शेवटची शक्यता होती, आणि ती संपली.

सायमन्स बे हा फॉल्स बेमधील एक आडोसा. हिवाळ्यात वायव्येचे वारे टेबल बेला झोडपतात तेव्हा जहाजे येथे येऊन नांगर टाकीत. पण आग्नेयेकडून वारा फिरला की हाच आडोसा उघडा पडतो. १८०५ च्या सप्टेंबरमध्ये तसेच झाले. १९ सप्टेंबरच्या सुमारास आग्नेयेच्या वादळात 'ब्रन्सविक'चे नांगर टिकले नाहीत आणि जहाज किनाऱ्याकडे फेकले जाऊन रुतले. लंडनच्या भांडवलदारांनी बांधलेले, मुंबईच्या कापसाने भरलेले आणि फ्रेंचांनी जिंकलेले ते जहाज असे कुणालाच लाभले नाही. लिन्वाच्या हाती त्या वर्षी पडलेला सर्वांत मोठा ऐवज ओल्या कापसाच्या रूपाने किनाऱ्याला लागला.

खलाशांचे काय झाले, याकडे इतिहासकार सहसा वळत नाहीत. त्या काळच्या ब्रिटिश सागरी कायद्याचे तत्त्व असे होते की जहाजाने भाडे कमावले तरच खलाशाला वेतन. जहाज पकडले गेले, भाडे बुडाले, की वेतनही बुडाले. कप्तानाला आणि वैद्याला पुढे दुसरे जहाज मिळते. राजापूरच्या किंवा घोघ्याच्या खलाशाला परक्या खंडाच्या टोकावर उतरवल्यावर घरी परतायलाही त्याच्याजवळ काही नसे. 'ब्रन्सविक'च्या कथेत नावे उरली ती अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची.

जमशेटजींचीही परवड झाली. माल गेला आणि केपमध्ये ते अडकून पडले. पुष्कळ खटपटीनंतर त्यांना कलकत्त्याला जाणाऱ्या एका डॅनिश जहाजावर जागा मिळाली. डॅनिशच का? कारण डेन्मार्क त्या युद्धात अजून तटस्थ होते. त्याचे जहाज फ्रेंचांच्या मित्राच्या बंदरातूनही निघू शके आणि ब्रिटिशांच्या बंदरातही शिरू शके. शिवाय कलकत्त्याच्या वर हुगळीकाठी श्रीरामपूर ही डॅनिशांची स्वतःची वसाहत होती. कलकत्त्याहून ते मुंबईस परतले. एवढे झाल्यावर शहाण्या माणसाने समुद्राचे नाव काढले नसते. जमशेटजी १८०७ मध्ये पाचव्यांदा चीनला गेले, आणि ती सफर आधीच्या सर्वांपेक्षा फायद्याची ठरली. त्यानंतर त्यांनी स्वतः चीनची वारी केली नाही. त्यांच्या वतीने पत्रे जाऊ लागली.

त्या पत्रांना चीनमधून उत्तर पाठवणारा माणूस पुढे जार्डिन झाला.

जार्डिनने सुटकेनंतर कंपनीच्या 'ग्लॅटन' या जहाजावर वैद्य म्हणून नोकरी चालू ठेवली. १८१७ मध्ये ती सोडून त्याने उघड व्यापार धरला. त्याचे भागीदार दोन: लंडनमधील थॉमस वीडिंग हा निवृत्त जहाजवैद्य आणि मुंबईचे पारशी व्यापारी फ्रामजी कावसजी. या तिघांचे १८१९ मधील जहाज मुंबईतच बांधलेले होते आणि त्याचे नाव होते 'सारा'. सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जुन्या 'सारा'शी या नावाचा काही संबंध लावण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

इकडे जमशेटजींनी १८१४ मध्ये 'गुड सक्सेस' हे पहिले स्वतःचे जहाज घेतले आणि हळूहळू आणखी सहा जोडली. त्यांच्या पेढीतील भागीदार पाहिले की त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते: जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान नाखुदा महंमद अली रोगे आणि गोव्याचे कॅथलिक रोजेरिओ द फारिया. ही माणसे केवळ सलोख्यासाठी एकत्र आलेली नव्हती. मोतीचंदांचे अडतीजाळे माल पुरवणाऱ्या मुलखात पसरलेले, रोग्यांचे वजन किनाऱ्यावरच्या जहाजमालकांत, आणि फारियांचे पोर्तुगीज दमणमध्ये. दमणचे महत्त्व समजण्यासाठी माळव्याकडे पाहावे लागते.

माळवा हा शिंदे-होळकरांचा मुलूख. तेथील अफू कंपनीच्या बंगाली मक्तेदारीबाहेर होती. इंग्रजांनी ती मुंबईतून जाऊ देण्यास मनाई केली तेव्हा ती उंटांवर लादून कराचीकडे आणि तेथून दमणला जाऊ लागली. दमणमध्ये इंग्रजांचा कायदा चालत नव्हता. १८१८ मध्ये मराठी राज्य बुडाले तरी हा ओघ थांबला नाही. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने हार मानली आणि परवान्याचे शुल्क भरून माळव्याची अफू मुंबईतून नेण्यास मोकळीक दिली. अडवता येत नसेल तर तिच्यावर कमवावे, असा हा विचार होता. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची वाटही इंग्रजांच्या हाती आली आणि शुल्क पेटीमागे ४०० रुपयांपर्यंत चढवण्यात आले.

कँटनमध्ये १८३२ साली जार्डिन आणि जेम्स मॅथिसन यांची 'जार्डिन मॅथिसन' पेढी स्थापन झाली, आणि तिला मुंबईहून माळव्याची अफू पुरवणारे सर्वांत मोठे नाव होते जमशेटजी जीजीभाई. १८३८-३९ च्या हंगामात हिंदुस्थानातून चीनकडे सुमारे ४० हजार पेट्या गेल्या. 'ब्रन्सविक'च्या काळात हा आकडा चार-पाच हजारांच्या घरात होता.

येथे प्रश्न पडतो की 'ब्रन्सविक' पकडले गेले नसते, तर हे सारे झाले असते का? व्यापार झालाच असता. चहाची तहान, चांदीची टंचाई आणि माळव्याची जमीन या गोष्टी दोन तरुणांच्या ओळखीवर अवलंबून नव्हत्या. परंतु तो कोणत्या दोन पेढ्यांच्या हातून झाला, याला या कैदेचा आधार आहे असे मानायला जागा आहे. मुंबईहून पाठवलेल्या पत्राला कँटनचे उत्तर यायला काही महिने लागत. लाखो रुपयांचा माल चीनला पाठवायचा, तोही त्या देशात बेकायदा असलेला, म्हणजे फसवणूक झाली तर कोणत्याही न्यायालयात दाद नाही. अशा धंद्यात माणूस पारखलेला असावा लागतो. सर्वस्व गमावलेल्या अवस्थेत एकमेकांना पाहिलेली माणसे ही पारख आधीच करून बसलेली असतात.

१८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झेशू याने परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या २०,२८३ पेट्या जप्त करून हुमेन येथे नष्ट केल्या. त्यांत मुंबईकरांचा माल मोठा होता आणि जमशेटजींचाही होता. जार्डिन त्याच वर्षाच्या आरंभी चीन सोडून लंडनला गेला होता. तेथे त्याने परराष्ट्रमंत्री पामरस्टन यांना युद्ध कसे करावे याचा सल्ला दिला, नकाशांसकट. युद्ध झाले. १८४२ च्या नानकिंग तहात चीनने २ कोटी १० लाख डॉलर द्यायचे ठरले, त्यांतले ६० लाख नष्ट केलेल्या अफूपोटी. हाँगकाँग ब्रिटनला मिळाले. त्याच १८४२ साली जमशेटजी 'सर' झाले. हा किताब मिळणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. जार्डिन १८४३ च्या फेब्रुवारीत वारला.

जमशेटजींच्या देणग्या याच वर्षांत एकामागून एक येतात. १८४३ मध्ये जे. जे. रुग्णालयाची कोनशिला बसली. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यासाठी आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले होते. कला विद्यालयासाठी १ लाखाची देणगी आली आणि ते १८५७ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी जमशेटजींना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली आणि १८५९ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

या दानावर अफूचा डाग आहे म्हणून ते नाकारावे, किंवा दान मोठे आहे म्हणून अफूचा उल्लेख टाळावा, या दोन्ही सवयी आज सर्रास दिसतात. मुंबईच्या रोग्याला औषध देणारा आणि कँटनच्या व्यसनी माणसाला अफू पोचवणारा पैसा एकच होता आणि तो एकाच वहीत लिहिला जात होता. जमशेटजींना यात विसंगती वाटली असेल असे त्यांच्या आयुष्यक्रमावरून तरी दिसत नाही. लंडनमधील संसद, कलकत्त्यातील कंपनी आणि मुंबईतील इतर जातीजमातींचे व्यापारी यांनाही ती वाटली नव्हती. चिनी सरकारला ती वाटली होती, आणि तसे त्याने वारंवार कळवलेही होते.

लिन्वाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. १८०६ च्या जानेवारीत ब्रिटिशांनी ब्लाउबर्गची लढाई जिंकून केप घेतले. फ्रेंचांचा आधार तुटला. मायदेशी परतताना १३ मार्च १८०६ रोजी, अटलांटिकमध्ये पहाटेच्या अंधारात, लांबून जहाजांचा एक समूह दिसला. या वेळी लिन्वाला तो व्यापारी ताफा वाटला आणि तो चालून गेला. ते ब्रिटिश युद्धनौकांचे आरमार निघाले. 'मारेंगो' आणि 'बेल पूल' दोन्ही पकडल्या गेल्या आणि लिन्वा १८१४ पर्यंत इंग्लंडमध्ये कैदी राहिला.

'ब्रन्सविक'चे अवशेष सायमन्स टाउनच्या किनाऱ्यापासून अगदी जवळ, उथळ पाण्यात आहेत. बुडाचा काही भाग, जाड ओकच्या फासळ्या आणि तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे वाळूखाली आणि वाळूवर दिसतात. वादळ झाले की वाळू सरकते आणि जहाज थोडे अधिक उघडे पडते. दक्षिण आफ्रिकेच्या वारसा कायद्यानुसार साठ वर्षांहून जुन्या बुडालेल्या जहाजांना संरक्षण असल्याने तेथून काही उचलून नेण्यास मनाई आहे. सुट्टीच्या दिवशी हौशी पाणबुडे तेथे उतरतात, आणि पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी त्या फासळ्यांची मोजमापे घेतली आहेत.